टाके पाठीवर, मग झोपायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. उजव्या फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) आतल्या कडेला, म्हणजे फरा आणि मणका यांच्या मधे, सिबेशस सिस्टची (कातडीखालच्या पिशवीची) गाठ होती. ती काढून चार दिवस झाले. वर सहा टाके आहेत आणि जखम चांगली आहे असं तुमचे डॉक्टर म्हणाले. पण तुम्हाला जन्मापासून उताणं झोपायची सवय, आणि टाके तुटतील या धास्तीने चारही रात्री तुम्ही खुर्चीत बसून काढल्यात. आता मान धरली आहे, संध्याकाळी पाय सुजतात, आणि झोप ती नाहीच. पाठीवर कधी झोपता येईल, तोवर कसं झोपायचं, आणि झोपेत टाके तुटलेच तर काय करायचं, हे तुम्ही विचारताय.

आधी खुर्चीतून उठा. रात्रभर पाय खाली सोडून बसलं की सूज पायात उतरते, पायातलं रक्त साकळायलाही ते बरं नाही, आणि डुलकी लागली की मान पुढे पडून पाठीच्या वरच्या भागातली कातडी ताणली जाते. जखम वाचवण्यासाठी तुम्ही बसलात आणि प्रत्येक डुलकीला तीच जखम ओढली जात होती.

छोट्या त्वचाशस्त्रक्रिया करायला लागून मला वीसेक वर्षं झाली. झोपेबद्दल पेशंट जे विचारतात त्यात नव्वद टक्के भीती दाबाची असते. घाबरायचंच असेल तर दाबाला कमी आणि ओढीला जास्त घाबरा. टाका जखमेच्या दोन्ही कडा एकमेकींजवळ धरून ठेवतो. तुम्ही गादीवर सरळ पडलात तर त्या कडा आहेत तिथेच दाबल्या जातात, दोन बाजूंना पळत नाहीत. पहिल्या दिवशी रक्तस्राव थांबावा म्हणून आम्हीच जखमेवर घट्ट दाबाचं ड्रेसिंग बांधतो, ते उगाच नाही. तासन्‌तास एकाच जागी दाब राहिला तर तिथला रक्तपुरवठा कमी होतो हे खरं, पण तोवर जखम दुखायला लागते आणि शरीर झोपेतच कूस बदलतं. ओढ मात्र कडा एकमेकींपासून लांब नेते. ती गादीमुळे होत नाही, हात, मान, गुडघा कसे पडलेत त्यामुळे होते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच डाव्या फऱ्याजवळचा एक तीळ काढला. तोवर मी प्रत्येकाला ठोकून सांगत असे, ‘जखम नसलेल्या कुशीवर झोपा.’ त्या रात्री मीही शहाण्यासारखी उजव्या कुशीवर झोपले. दोनच्या सुमाराला जाग आली ती जखमेत बारीक, सतत टोचल्यासारखं होत होतं म्हणून. पाठीला गादीचा स्पर्शही नव्हता. बघितलं तर वरचा डावा हात घरंगळून पुढे गादीवर पडला होता. हात पुढे गेला की फरा त्याच्यामागे सरकतो, आणि फरा नि मणका यांच्यातली कातडी तंबूच्या कापडासारखी ताणली जाते. तुम्हाला पाहायचं असेल तर उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवा आणि मागून कोणाला तरी जखमेजवळची कातडी बघायला सांगा. मी उशी छातीशी धरली, हात तिच्यावर ठेवला, आणि टोचणं थांबलं. दुसऱ्या दिवसापासून माझा सल्ला बदलला.

तर आज रात्री असं करा. डाव्या कुशीवर झोपा. डोक्याखालची उशी इतकी जाड हवी की खांद्याची रुंदी भरून निघेल आणि मान एका रेषेत राहील. पातळ उशीवर मान खाली कलते आणि तो ताण थेट पाठीत येतो. छातीशी एक मोठी, भरीव उशी धरा. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत तिच्यावर पूर्ण टेकला पाहिजे आणि कोपर खांद्याच्या उंचीला राहिलं पाहिजे. मऊ उशी दाबली जाऊन कोपर खाली घसरत असेल तर दोन उशा घ्या. तिसरी उशी गुडघ्यांच्या मधे. आणि पाठीमागे कमरेपाशी एक चादर घट्ट गुंडाळून ठेवा, म्हणजे झोपेत उताणे व्हायला गेलात तर ती आडवी येईल. ती वळकटी जखमेपर्यंत वर आणू नका.

झोप लागायच्या आधी पाच मिनिटं नुसतं पडून राहा. त्या पाच मिनिटांत जखम ओढल्यासारखी वाटली तर रात्री ती तुम्हाला उठवणारच. तेव्हाच उशी हलवा.

उताणं झोपल्याशिवाय ज्यांना झोपच येत नाही त्यांच्यासाठी मी पुलासारखी मांडणी सांगते. दोन चादरींच्या सारख्या जाडीच्या, दोनेक बोटं उंच सपाट घड्या करा. एक मानेपासून खांद्यांच्या वरच्या भागाखाली, दुसरी फऱ्याच्या खालच्या टोकापासून कमरेपर्यंत. मधे रिकामी पट्टी सुटेल, जखम तिच्यावर अधांतरी राहील. घडीची कड जखमेपासून किमान चार बोटं लांब हवी. डोकं फार मागे जात असेल तर पातळ उशी घ्या. पहिल्या रात्री हे चमत्कारिक वाटतं, दुसऱ्या रात्री सवय होते. हात पोटावर ठेवा. डोक्यावर नेऊन झोपायची सवय असेल तर ती टाके निघेपर्यंत बाजूला ठेवा.

मधे भोक असलेली गोल उशी पाठीखाली घेऊ का, असं पुष्कळ जण विचारतात. पाठीला नको. तिची कड भोवतीची कातडी बाहेरच्या बाजूला रेटते आणि जखमेच्या कडांना नेमकं तेच सोसत नाही. कानाच्या जखमेला मात्र तीच उशी फार कामाची, कारण कान भोकात मोकळा राहतो. (कानाच्या कडेवर एक चिवट, दुखरी गुठळी येते, ती नेहमी एकाच कुशीवर झोपणाऱ्यांना होते. तिला सुरीच्या आधी हीच भोकाची उशी सांगतात, आणि अनेकांचं तेवढ्यावर भागतं.)

आता दुखण्याबद्दल. तुम्ही चौथ्या दिवसावर आहात, त्यामुळे सगळ्यात वाईट रात्र मागे पडली असणार. पण हे वाचणाऱ्या कोणाची शस्त्रक्रिया उद्या असेल म्हणून सांगते. बधिर करायला बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन वापरतात. नुसतं दिलं तर त्याचा परिणाम एक ते दोन तास टिकतो. सोबत ॲड्रेनालिन मिसळलेलं असेल तर आणखी काही तास. म्हणजे दुपारी टेबलावरून हसत उतरलेला माणूस संध्याकाळी घरी कण्हायला लागतो. ॲड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळून धरतं; ते उतरलं की त्या पुन्हा सैल होतात, म्हणून पहिल्या संध्याकाळी ड्रेसिंगवर थोडं रक्त दिसतं. गोळी दुखायला लागल्यावर नाही, बधिरपणा जायच्या आत घ्यायची. एकदा दुखणं चढलं की त्याला खाली आणायला वेळ लागतो आणि तोवर झोपेची वेळ निघून जाते.

गोळी कोणती? निरोगी प्रौढ माणसाला पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर अजिबात नाही. यकृताचा आजार, नियमित मद्यपान किंवा वजन फार कमी असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते, तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या. सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही घेतल्या की हिशेब चुकतो. एवढ्यावर भागत नसेल तर सोबत आयब्युप्रोफेन चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर स्वतःच्या मनाने घेऊ नका. या दोन साध्या गोळ्या एकत्र दिल्या तर पॅरासिटामॉल आणि कोडीन (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक) यांच्या जोडीपेक्षा आराम जास्त आणि त्रास कमी, असं डोकं-मानेवरच्या त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटमध्ये २०११ साली दिसून आलं, त्यामुळे ‘जोरकस’ गोळी म्हणजे चांगली गोळी असं समजू नका. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेत असाल तर ती मात्र रक्त येईल या भीतीने परस्पर बंद करू नका.

झोपेची गोळी मी सहसा देत नाही. गाढ गुंगीत माणूस कूस बदलत नाही, हात पुढे पडला तरी जाग येत नाही, आणि वयस्क मंडळी रात्री बाथरूमला जाताना पडतात. झोप यावी म्हणून दारू घेणारेही भेटतात. तिने रक्तवाहिन्या फुलतात, पहिल्या दोन दिवसांत रक्तस्रावाची शक्यता वाढते, आणि पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात.

झोपायच्या आधी बर्फाने बरं वाटतं, पण कापडात गुंडाळून, ड्रेसिंगच्या वरून, दहा मिनिटं. बर्फ ठेवून झोपी जाऊ नका. जखमेभोवतीची कातडी काही दिवस अर्धवट बधिर असते, तिला गारठ्याने इजा झाली तरी कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीलाही हाच नियम, आणि ती तर नकोच.

आणखी एक-दोन दिवसांत तुम्हाला दुखण्याऐवजी खाज छळायला लागेल. ती रात्रीच का वाढते? पांघरुणात कातडी गरम होते, खाज दाबून ठेवणारं शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक संध्याकाळनंतर उतरतं, आणि मन रमवायला दुसरं काही नसतं. खाज हे जखम भरत असल्याचं लक्षण, हे खरंच आहे. पण रात्री दीड वाजता त्याने समाधान होत नाही. खोली थोडी गार ठेवा, पांघरूण हलकं घ्या, जखमेपासून दोन इंच लांब तळव्याने थोपटा. जखम कोरडी पडून खपली कडक झाली की जास्त खाजते आणि ओढतेही, म्हणून ड्रेसिंग बदलताना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावायला मी सांगते. स्वच्छ शस्त्रक्रियेच्या जखमेला अँटिबायोटिक मलम लावून जंतुसंसर्गात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, हे १९९६ सालीच एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे. उलट काही मलमांची ॲलर्जी येते ती वेगळी. तुमच्या डॉक्टरांनी मलम दिलं असेल तर त्यांचं ऐका. खाजणारी लाली चौकोनी असेल, चिकटपट्टीच्या मापाची, तर ती पट्टीची ॲलर्जी समजा. जंतूंना चौकोन काढता येत नाही.

ड्रेसिंग झोपताना बदलू नका. संध्याकाळी दोन तास आधी बदला, कारण डिवचलेली जखम थोडा वेळ चुरचुरते, आणि अंघोळ केली असेल तर पट्टीखालची ओल सुकायलाही वेळ मिळतो. कपडा जुना, सुती, पुढून बटणांचा. डोक्यातून काढायच्या बनियनसाठी हात वर न्यावे लागतात. शिवण जखमेवर येत असेल तर शर्ट उलटा घाला, रात्री कोण बघतंय! गादीवर गडद रंगाची चादर आणि वर टॉवेल घाला. पहाटे पांढऱ्या चादरीवर रुपयाएवढा डाग दिसला की घरातले सगळे उठून बसतात, गडद चादरीवर तोच डाग कोणाला दिसतही नाही. आणि मांजर किंवा कुत्रा पलंगावर झोपत असेल तर टाके निघेपर्यंत त्याची सोय दुसरीकडे करा. ते जखम चाटतात. अगदी प्रेमाने चाटतात.

उठण्याचीही एक पद्धत आहे, आणि पाठ-पोटाच्या जखमांना झोपण्यापेक्षा तीच जास्त महत्त्वाची. उताण्यावरून झटक्यात उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, आणि खालच्या हाताने रेटा देत उठा. तुम्ही डाव्या कुशीवरून उठलात तर उजव्या हाताला काही करावंच लागत नाही.

ज्यांची जखम दुसरीकडे आहे त्यांच्यासाठीही थोडं लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाखाली ते येणारच. चेहरा किंवा डोक्यावरची जखम असेल तर पहिल्या दोन-तीन रात्री डोकं उंच हवं, साधारण ३० ते ४५ अंश. उशा नुसत्या डोक्याखाली रचल्या तर मान मोडते; उतार कमरेपासून सुरू झाला पाहिजे. कपाळावरचं काही काढलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात डोळे सुजलेले दिसतात, कधी निळे-जांभळेही. शस्त्रक्रिया कपाळावर आणि सूज पापणीवर, म्हणून लोक घाबरून फोन करतात. सूज उतरणीला लागून खाली आली आहे, एवढंच. पायाची जखम असेल तर पाय हृदयापेक्षा उंच, आणि आधार पोटरीला सलग. फक्त टाचेखाली किंवा फक्त गुडघ्याखाली उशी नको. नखाच्या शस्त्रक्रियेची पहिली रात्र ठणक्याची असते. पाय किंवा हात उंच ठेवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कधीकधी गोळीनेही पडत नाही. पोटावरच्या जखमेला गुडघ्यांखाली जाड उशी, जांघेतल्या जखमेला गुडघ्यांमधे.

दाबापेक्षा ओढीला भ्या असं मी वर म्हटलं, त्याला एक मोठा अपवाद आहे: कातडीचं कलम, म्हणजे एका जागची कातडी दुसरीकडे लावलेली. तिला नवीन रक्तपुरवठा मिळेपर्यंत पहिला आठवडाभर दाब, घासणं, घसरणं काहीच चालत नाही. कलमावर बोळ्यासारखं ड्रेसिंग शिवलेलं असतं ते त्यासाठीच. जवळची कातडी सरकवून जखम झाकली असेल तरीही कसं झोपायचं ते डॉक्टरांकडूनच घ्या, आणि त्या काळात बर्फ नको, विडी-सिगारेट तर नकोच. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि लावलेली कातडी काळी पडू शकते.

पाठीवर कधी झोपता येईल? दुखत नसेल तर त्या पुलाच्या मांडणीवर आजपासून. नुसत्या गादीवर साधारण आठवड्यानंतर, तुमची जखम सांगेल तसं. पाठीचे टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. चेहऱ्याचे ५ ते ७ दिवसांत निघतात म्हणून तुलना करून घाई करू नका, पाठीची कातडी जाड आणि सतत हलणारी. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असंही नाही. तीन आठवड्यांनी तिच्यात मूळ कातडीच्या सुमारे २० टक्के बळ असतं, तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के, आणि पूर्ण पहिल्यासारखी ती कधीच होत नाही. उसवलेल्या जखमा मी पाहिल्या त्यातल्या बहुतेक टाके काढल्यानंतरच्या चार-सहा दिवसांतल्या: जड बॅग उचलली, माळ्यावरचं काही काढायला हात वर केला, पोहायला गेले. नुसत्या झोपण्याने उसवलेली पाठ मला आठवत नाही.

तरी समजा सकाळी एखादा टाका सुटलेला दिसला आणि कड किंचित फाकली आहे. स्वच्छ गॉज ठेवा, वर पट्टी लावा आणि दवाखाना उघडल्यावर फोन करा. घरातल्या गोंदाने किंवा चिकटपट्टीने कडा जुळवायला जाऊ नका. रक्त येत असेल तर गॉज जोरात दाबून धरा, घड्याळ लावून २० मिनिटं, मधे एकदाही उचलून न बघता. पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून दुसऱ्याला दाबायला सांगा. कोणी नसेल तर गॉजवर गुंडाळलेला टॉवेल ठेवून भिंतीला पाठ रेटून बसा. इथे दाब तुमच्या बाजूने आहे. २० मिनिटांनीही थांबलं नाही तर रात्र असो की दिवस, निघा. जखमेखाली भराभर वाढणारी टणक, ठणकणारी सूज असेल तर आत रक्त साठतंय, तेव्हाही थांबू नका. कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर पुन्हा वाढायला लागलं, लाली रोज थोडी पुढे सरकतेय, पू दिसतोय किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

तुम्ही लिहिलंय की ड्रेसिंगवर एक तपकिरी डाग आहे आणि तो वाढतोय की नाही ते कळत नाही. झोपायच्या आधी घरातल्या कोणाला तरी पेनाने त्या डागाभोवती रेघ काढायला सांगा आणि शेजारी वेळ लिहा. सकाळी डाग रेघेच्या आत असेल तर ड्रेसिंगला हात लावू नका, ठरल्या वेळेलाच बदला. रेघ ओलांडून ताजं लाल दिसलं तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, जुनी रेघ आणि वेळ त्यात येऊ द्या.